सोजराबाईचा उंट

माणसाच्या मनात काय चाललंय ते त्याचं त्यालाही नीट कळत नाही, ते फक्त मनदर्शी बाबांना कळतं, यावर सेनगावपासून शिरड शहापूरपर्यंत सगळ्यांचं एकमत झालं होतं. एकमताबाहेर होता एकटा जळबा. जळबाच्या मनात मूळव्याध होती आणि ती मनातच राहावी एवढीच त्याची माफक इच्छा होती. बाबांनी ती माइकवरून सांगितली.

सिद्धेश्वरच्या कालव्यालगत, सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या रानात दरबार भरला होता. जीपा, टेम्पो, दोन ट्रॅक्टर आणि चपलांचा ढीग. मांडवाच्या तोंडाशी नाव, गाव आणि मोबाइल नंबर सांगून टोकन घ्यायचं, पुकारा झाला की पुढे जाऊन बसायचं. बाबा कानांवरून फेटा बांधून, डोळे मिटून बसलेले. डोळे मिटले की परमेश्वराची रेंज चांगली मिळते, असं ते स्वतःच सांगत.

"बच्चा," बाबा जळबाला म्हणाले, "तू बसला आहेस, पण तुला बसवत नाही. तू एकांतात प्रश्न विचारलास, 'ऑपरेशनशिवाय बरी होईल का?' कुणाला विचारलास? तुला वाटलं, कुणाला नाही. पण परमात्म्याचा सर्व्हर कधी डाउन नसतो."

मांडव गदगदला. जळबानं बाबांचे पाय धरले. त्याला तसंही वाकून राहणंच सोयीचं होतं.

मांडवाच्या टोकाला, चपलांजवळ, भीमराज सर उभे होते. शिरड शहापूरच्या अलीकडच्या धामणवाडीत ते विज्ञान शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी गावोगाव फिरून चमत्कार मोडून दाखवत. त्यासाठी त्यांची एक पत्र्याची पेटी होती. पाण्यानं पेटणारा नारळ, लाल होणारं लिंबू, जिभेवर जळणारा कापूर, सगळं पेटीत होतं. एवढ्या वर्षांत चमत्कार करणारे बदलत गेले, पेटी तीच राहिली. ग्लिसरीनची बाटली तेवढी दोनदा बदलावी लागली होती. अलीकडे सर थकले होते. लोक टाळ्या वाजवायचे, "सर, लई भारी करता तुमी," म्हणायचे आणि त्याच संध्याकाळी नव्या बाबाकडं जायचे. सरांनाही ते बाबाच समजत, फक्त फुकटातले.

फेट्याखाली कानात यंत्र असणार, हे सरांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. त्यात काही विशेष नव्हतं. प्रश्न होता, कानात सांगणाऱ्याला कोण सांगतं? आजवरच्या अनुभवानं सरांचा एक नियम झाला होता: मनकवड्याचे कान नेहमी चपलांजवळ बसलेले असतात. भक्त आपसात बोलतात, कुणीतरी ऐकतं आणि आत पोचवतं. सरांनी चपलांजवळ तीन दरबार काढले. तिथं परका माणूस एकच सापडला, तो चपला चोरत होता.

मग त्यांनी उलट बाजूनं विचार केला. जळबाची मूळव्याध. सरपंच नरसिंगरावांनी भावाला न कळवता बांधाच्या मोजणीसाठी केलेला अर्ज. लक्ष्मीबाईनं सुनेला न सांगता बँकेत उघडलेलं खातं. या गुपितांत सारखं काय? सारखं एवढंच की ती सगळी शिलाच्या सेवा केंद्रातून गेली होती.

शिला राठोड तांड्यावरची. सरांचीच विद्यार्थिनी. ग्रामपंचायतीच्या एका खोलीत तिचं केंद्र होतं. दाखले, अर्ज, पीक विमा, निकाल, सगळं ती टाइप करून द्यायची. ज्यांना टाइप करता येत नाही ते तिला सांगायचे, म्हणजे जवळजवळ सगळेच. जळबानंसुद्धा घसा खाकरून, इकडंतिकडं बघून, तिलाच ते इंटरनेटवर विचारायला लावलं होतं. नवरा किसनसिंग जीप चालवायचा, पण जीप महिन्यातले निम्मे दिवस गॅरेजला असे. घर केंद्रावर चालायचं. त्याहून मोठी गोष्ट अशी की तांड्यातल्या आणि गावातल्या बायका नवऱ्याला न सांगितलेलं शिलाला सांगायच्या, आणि ते शिलाच्या पुढं जात नसे. निदान आजवर गेलं नव्हतं.

सरांना वाईट वाटलं. पण पुरावा तो पुरावा. आपला संशय त्यांनी कुणालाही सांगितला नाही. फक्त घरी करुणाताईंना सांगितला, आणि विचारात कुठं चूक नको म्हणून मुख्याध्यापकांना. दुसऱ्या दिवशी दूध घालायला आलेल्या कोंडीबानं तो सरांनाच सांगितला.

"ऐकलं का सर? शिलाच बाबाला सांगून राहिली म्हणे. कुन्या तरी हुशार मान्सानं शोध लावला."

करुणाताई दुधाचं पातेलं घेऊन आत गेल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "बाबाला तरी दरबार भरवावा लागतो."

दोन दिवसांत केंद्राची पायरी ओस पडली. एक बाई कागद घेऊन आली, शिलाकडं पाहिलं, कागद पदराखाली घेतला आणि सेनगावची गाडी धरली. नरसिंगरावांच्या मोजणीवरून दोघा भावांत बांधावर हातघाई झाली होती. त्यांनी सोमवारी ग्रामसभा लावली. विषय एकच, केंद्राची खोली काढून घेणे.

सर त्यांना भेटायला गेले. काही झालं तरी शिक्षा ठरवण्याआधी नीट विचार व्हावा, असं त्यांना वाटत होतं.

"नरसिंगराव, तुम्ही बाबांना अंतर्ज्ञानी मानता ना?"

"मंग. हायेतच."

"त्यांना आपोआप कळत असेल, तर शिलानं सांगायची गरज काय? आणि शिलानं सांगितलं असेल, तर बाबा अंतर्ज्ञानी कसे?"

नरसिंगरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "बाबाला कळतंय, अन् शिलानं सांगितलं बी. दोन्ही बराबर हाय, सर. पहिलं आमी डोळ्यानं पाह्यलं, अन् दुसरं तर तुमीच म्हणले."

सर उठून आले. तर्क एवढा सर्वसमावेशक झाल्यावर त्याला उत्तर नसतं.

पुढच्या दरबारात बाबांनी नवी विद्या काढली. आता ते जन्मतारीख सांगू लागले. पहिली पाळी सोजराबाईची. ही गावातली म्हातारी, निराधार पगारावर जगणारी, तोंडानं फटकळ. बाबांनी डोळे मिटले, फेट्यावरून हात फिरवला.

"माई, तुझा जन्म एक जूनचा. मिथुन राशीचा सूर्य. हट्टी स्वभाव."

सूर्य तेव्हा अजून वृषभेत असतो, पण गर्दीला सूर्याशी देणंघेणं नव्हतं. ती हरखली. तारीख आधार कार्डावर होती तीच. मग कोंडीबा पुढं गेला. एक जून. मग त्याचा चुलतभाऊ दगडोबा. एक जून. मांडवात कुजबुज झाली की काय योग आहे, एकाच दरबारात एकाच तिथीचे तीन जीव.

सर मागे उभे होते. त्यांना हसू आलं नाही, कारण त्यांची स्वतःची तारीख एक जूनच होती. त्या पिढीत लेकराला शाळेत घालायला नेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? आई म्हणायची, तूर काढायला आलती तवाचा. मास्तर मान डोलवायचे आणि लिहायचे एक जून. जूनमध्ये शाळा उघडते, वय बसतं, वाद मिटतो. त्या पिढीच्या कागदांवर विश्वास ठेवला तर त्या एका दिवशी जिल्ह्यातल्या सुइणींना पाणी प्यायलाही उसंत मिळाली नसणार.

दरबार उठल्यावर सोजराबाई चप्पल शोधताना बडबडत होती.

"कसला एक जून. म्या पोळ्याच्या करीची. सगळ्या गावाला ठाव हाय. ती शिला दर करीला मला पेढा आणून देती, म्हनती आजी, वाढदिवस. अन् ह्या बाबाला तेवढं बी कळंना?"

सरांच्या हातातली चप्पल हातातच राहिली.

शिलाला माहीत होतं. शिलानं तोंडानं सांगितलं असतं, तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची कर सांगितली असती. बाबाला मिळालं होतं ते माणसाच्या तोंडचं नव्हतं. कुठल्याही जिवंत माणसाला सोजराबाई एक जूनची वाटत नव्हती. ती एक जूनची होती फक्त अर्जात. आणि अर्ज गेला होता तो शिलाच्या तोंडातून नव्हे, यंत्रातून.

ते तडक केंद्रावर गेले. शिला एकटीच बसली होती. तिनं खुर्ची सरकवून दिली, पण वर पाहिलं नाही.

"सर, दाखला काढायचा का काही? आता गर्दी न्हाई."

सर खुर्चीवर बसले. समोर भिंतीवर त्यांच्याच वळणदार अक्षरातली पाटी होती: 'या संगणकावर लिनक्स आहे. लिनक्सला व्हायरस लागत नाही.' संगणक चालवणारी ही फुकटची व्यवस्था त्यांनीच काही वर्षांपूर्वी कॉलेजनं मोडीत काढलेल्या जुन्या डबड्यावर बसवून दिली होती, आणि तिच्यावर त्यांचा जीव होता. खंडेनवमीला शिलानं संगणकाला हळद-कुंकू वाहिलं, तेव्हा पाटीलाही वाहिलं होतं. 'व्हायरस' या शब्दावर कुंकवाचं बोट अजून दिसत होतं.

"शिला, तू मराठी कशानं टाइप करतेस?"

तिनं पडद्यावर कोपऱ्यात बोट ठेवलं. ब्राउझरच्या पट्टीत एक कमळाचं चिन्ह होतं. वर बाण नेला की नाव येई, 'मराठी टायपिंग सेवा'.

"हे मी दिलेलं नाही."

"तुमी दिलेलं चालंना झालं, सर. वर्ष झालं."

मग तिनं सांगितलं ते असं. सरांनी बसवलेलं टायपिंगचं जोडसाधन, म्हणजे ब्राउझरला जोडून काम करणारं छोटं प्लगइन, एक दिवस बंद पडलं. नवं घ्यायला गेली तर अधिकृत ठिकाण म्हणालं, तुमचा ब्राउझर फार जुना आहे, आधी तो अद्ययावत करा. अपडेट करायला गेली तर संगणकानं पासवर्ड मागितला. पासवर्ड सरांकडं. कारण फार पूर्वी एकदा अपडेट केलं आणि दुसऱ्या दिवशी, ऐन शिष्यवृत्तीच्या अर्जांत, प्रिंटर बंद पडला होता. तेव्हा सरांनी बजावलं होतं की अपडेटची खिडकी आली की 'नंतर' दाबायचं, चालत्या मशीनला हात लावायचा नाही, आणि पासवर्ड स्वतःजवळ ठेवला होता. प्रिंटरची वायर उंदरानं कुरतडली होती, असं चार दिवसांनी निघालं. पण तोवर नियम पडून गेला होता.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ पडली म्हणून कावळ्याला दोष देऊ नये, हे सर गेली कित्येक वर्षं पेटी उघडण्याआधी गावोगाव सांगत आले होते.

"मला फोन करायचास," ते म्हणाले.

"केलता. तुमी भाषणाला गेलते, वसमतकडं. तुमी म्हणले, लिनक्सला काही होत न्हाई, नंतर बघू."

सरांना तो फोन आठवला. भाषणाचा विषयही आठवला, 'श्रद्धा तपासून घ्या.'

"मंग केंद्रचालकांच्या ग्रुपवर एकानं फाइल टाकली. गुरुबंधूंची सेवा म्हणे, फुकट. डेव्हलपर मोड चालू करायचा अन् फोल्डर आत घ्यायचं. तवापासून झकास चालतंय."

सरांनी माऊस घेतला. जोडसाधनांचं पान उघडलं, कमळावर टिचकी मारली. तपशील आला. परवानग्या या शीर्षकाखाली एकच ओळ होती: 'तुम्ही पाहता त्या सर्व संकेतस्थळांवरील तुमची सर्व माहिती वाचणे आणि बदलणे.' अधिकृत ठिकाणाहून आलेलं साधन नवी दुरुस्ती आली की आपोआप बदलतं, आणि त्यात काही काळंबेरं निघालं तर काढूनही टाकलं जातं. हे हातानं आत घेतलेलं. याला कुणी विचारणार नव्हतं आणि याची तपासणी कुणी करणार नव्हतं.

सरांनी ती ओळ दोनदा वाचली. एवढ्या वर्षांत एकाही बाबानं आपली लबाडी इतक्या स्पष्ट मराठीत लिहून दिली नव्हती.

"हे वाचलं होतंस?"

"वाचलं व्हतं. त्याच्या खाली परवानगी द्या असं व्हतं. सरकारी फारमवर बी असंच ऱ्हातंय, सर. न दिली तर पुढं जाता येत न्हाई."

खरं होतं. लिनक्सचं कुंपण भक्कम होतं, आणि कुंपणातून कुणी शिरलंही नव्हतं. चोर पाहुणा म्हणून आला होता, घरधनिणीनं त्याला पाट मांडून दिला होता. जळबाचा प्रश्न, नरसिंगरावांची मोजणी, म्हातारीची तारीख, शिलाची बोटं जे जे टाइप करतील ते कमळ टिपत होतं आणि बाबाच्या माणसाकडं पाठवत होतं. तिथं मोबाइल नंबर टाकला की माणसाचं अंतरंग तयार. म्हणून तर मांडवाच्या तोंडाशी नंबर घेत होते.

शिलानं पडद्यावरच्या कमळावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "म्हंजे सांगितलं मीच. माझ्याच हातानं."

"तू नाही सांगितलं. तुझ्या खांद्यावरून कुणीतरी वाचलं. आणि दार मी उघडं ठेवलं." सरांनी चष्मा पुसला. "पण हे सांगून ग्रामसभेत कुणाला पटणार नाही. नारळ पेटवून दाखवता येतो, हे दाखवता येत नाही. बाबानं स्वतःच दाखवायला हवं. आपल्याला एक खोटी गोष्ट टाइप करायची आहे. गावात कुणाकडंच नसेल अशी."

शिलानं विचार केला. सात दिवसांत पहिल्यांदा तिच्या तोंडावर काहीतरी हाललं.

"उंट," ती म्हणाली.

सोजराबाईला बोलावून घेतलं. तिला सगळं समजावून सांगितलं. तिनं एकच शंका विचारली, उंट आहे म्हटलं तर निराधारचा पगार बंद होईल का? नाही म्हटल्यावर ती लगेच तयार झाली. शिलानं नेहमीसारखं आधी केंद्राच्या नोंदीत तिचं नाव घातलं, मोबाइल नंबर घातला आणि मग ब्राउझरमध्ये शोधलं: 'उंट हरवला आहे काय करावे', 'उंटाचा विमा मिळतो का', 'उंट किती दिवसांनी घरी परत येतो'. कमळानं निमूटपणे ऐकून घेतलं.

रविवारी दरबार खच्चून भरला. दुसऱ्या दिवशी ग्रामसभा होती, त्यामुळं नरसिंगराव पहिल्या रांगेत. शिला किसनसिंगबरोबर आली तेव्हा बायकांनी लुगडी आवरून घेतली. ती एका बाजूला खांबाशी उभी राहिली. सर या वेळी चपलांजवळ नव्हते. मंचामागं कापडाची कनात होती, तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

सोजराबाईचा पुकारा झाला. बाबा थकलेले दिसत होते. सकाळपासून त्यांनी पुष्कळ मनं वाचली होती. डोळे मिटून त्यांनी मान हलवली.

"माई, पुन्हा आलीस. तुझ्या मनात कष्ट आहे. एक चतुष्पाद जीव आहे."

"व्हय बाबा."

"मुका जीव. लांब मान. घर सोडून गेला आहे."

मांडवात बायका एकमेकींकडं पाहू लागल्या. सोजराबाईची गाय तर मागंच विकली होती, आणि तिची मानही बेताचीच होती.

बाबांनी कानाशी हात नेला, किंचित थबकले, पण माणूस सवयीनं पुढं गेला. "चिंता करू नकोस. उत्तर दिशेकडून, अमावस्येच्या आत, तुझा उंट परत येईल."

मग मागून कुणीतरी विचारलं, "कंचा उंट?"

सोजराबाईनं पदर सारखा केला. "बाबा, माझ्या दारात दोन कोंबड्या हायेत. त्यातली एक खुडूक बसलीय. उंट काही म्या पाळला न्हाई."

हसण्याची एक लाट आली. बाबा पक्के कसलेले. त्यांनी दोन्ही हात वर केले, लाट ओसरू दिली आणि अत्यंत करुण स्वरात म्हणाले, "अज्ञानी जीवांनो, हा उंट या जन्मीचा नाही. माईचा मागचा जन्म मरुभूमीतला आहे."

आणि सरांनी पाहिलं, माना डोलल्या. सगळ्या नाही, पण निम्म्या तरी डोलल्या. कोंडीबानं तर हात जोडले. सरांना एकदम फार थकवा आला. पेटी असती तर ते तिच्यावर बसले असते.

तेवढ्यात खांबाजवळून शिला बोलली. आवाज मोठा नव्हता, पण मांडव शांत होता.

"मागच्या जन्मीचा उंट म्या परवा टाइप केला. जळबा काकाचं केलतं तसंच, त्याच मशीनवर. सोजरा आजी शेजारी बसली व्हती."

"व्हय," सोजराबाई म्हणाली. "चहा बी पेला म्या."

नरसिंगराव उभे राहिले. सरांनी कनातीची दोरी सोडली. कापड खाली आलं, आणि मागं खुर्चीवर बसलेला, तिशीतला, शहरी कपड्यांतला एक गडी सगळ्यांना दिसला. पुढ्यात लॅपटॉप, हातात छोटा माइक. लॅपटॉपच्या पडद्यावर सोजराबाईचं नाव, एक जून, आणि त्याखाली तीन ओळींत उंट. पहिल्या रांगेतल्यांनी वाचलं आणि मागच्यांना सांगितलं. जळबा सगळ्यांत पुढं आला, स्वतःचा नंबर शोधायला लावला आणि स्वतःची ओळ स्वतः वाचली. वाचून झाल्यावर त्यानं बाबांच्या गादीकडं पाहिलं. गादी रिकामी होती. बाबांची गाडी कालव्याच्या रस्त्याला लागली होती. लॅपटॉपवाल्याला मात्र किसनसिंगच्या जीपनं ठाण्यात नेऊन सोडलं. त्या दिवशी जीप चालू होती.

सोमवारी ग्रामसभा झाली. सरांनी पेटी नेली नाही. ते साधंच बोलले. म्हणाले, आपण सगळ्यांनी एकच चूक केली, न तपासता मान हलवली. तुम्ही बाबासमोर हलवली, शिलानं परवानगीच्या ओळीसमोर हलवली, आणि मी एक पाटी लिहून तिच्यासमोर इतकी वर्षं हलवत बसलो. शिलावर संशय घेणारा पहिला माणूस मीच होतो. होता तो फक्त माझा अंदाज, पुरावा नव्हता. आता करायचं ते एवढंच. ज्यांनी ज्यांनी केंद्रातून बँकेचं किंवा मेलचं काम केलं त्यांनी आपापले पासवर्ड आजच बदलायचे. ग्रुपवर आलेली फाइल, मग ती देवानं पाठवलेली असो, ब्राउझरमध्ये घ्यायची नाही. साधन अधिकृत ठिकाणाहूनच घ्यायचं, आणि ते काय काय वाचायची परवानगी मागतं ते आधी वाचायचं. टायपिंगच्या साधनाला तुमची सगळी माहिती कशाला लागते, असा प्रश्न पडला तर तो विचारायचा. नको असलेलं काढून टाकायचं. आणि अपडेट आलं की करायचं. संगणक लिनक्सचा असो की आणखी कशाचा, त्याला नवस चालत नाही. भोकं पडतात, ती बुजवणाऱ्यांनी बुजवून पाठवलेली असतात, आपण फक्त घ्यायची असतात.

लोकांनी ऐकून घेतलं. खोली शिलाकडंच राहिली. लक्ष्मीबाई सगळ्यांसमोर तिच्याजवळ जाऊन बसली आणि सुनेच्या देखत खात्याचं पुस्तक भरून दे म्हणाली.

नरसिंगराव सरांना दारापर्यंत पोचवायला आले. "सर, ते सगळं पटलं. पण एक सांगा, बाबाच्या चेहऱ्यावर तेज व्हतं, ते कशाचं?"

"हॅलोजनचं," सर म्हणाले आणि केंद्राकडं वळले.

शिलानं कमळ काढून टाकलं होतं. आता पडद्यावर अपडेटची खिडकी होती आणि त्यात पासवर्डची रिकामी चौकट. सर खुर्चीच्या मागं उभे राहिले. इतक्या वर्षांनी ते गुपित उघड करायची वेळ आली होती.

"लिहून घे," ते म्हणाले. "यापुढं तुझ्याकडंच राहील."

शिलानं लिहून घेतलं नाही. तिनं आकडे टाइप केले. चौकट नाहीशी झाली आणि काम सुरू झालं.

"तुला कसा माहीत?"

"एक जून अन् तुमचं साल. तुमच्या विम्याचा फारम म्याच भरलाय ना. दुसरं काय असंन?"

"म्हणजे तुला आधीपासून माहीत होता?"

"पयल्या दिवसापासून."

"मग केलं का नाहीस अपडेट?"

शिलानं त्यांच्याकडं पाहिलं. रागानं नव्हे, नवलानं.

"तुमी न्हाई म्हणले व्हते."

सरांनी स्टुलावर चढून भिंतीवरची पाटी उतरवली आणि उलटी करून टेबलाखाली ठेवली. करुणाताईंनी चहा पाठवला होता, तो दोघांनी घेतला. चहा संपायच्या आत अपडेट संपलं. ब्राउझर नवा झाला, टायपिंगचं साधन अधिकृत ठिकाणाहून बसलं. संगणकानं विचारलं, पुन्हा सुरू करू? आत्ता की नंतर? शिलानं 'आत्ता' दाबलं.

संगणक उठला. बाहेर सोजराबाई हयातीच्या दाखल्यासाठी येऊन बसली होती. शिलानं तिचं नाव घातलं, जन्मतारखेच्या रकान्यात एक जून घातलं आणि छापण्याची कळ दाबली.

प्रिंटर चालू होता.